खालच्या शेतातली कापणी

आबांनी दोरीने भात लावायचं ठरवलं, त्या पावसाळ्यात आमच्या घरात हसू आणि धास्ती एकदमच राहायला आली. हसू गावाचं, धास्ती आमची. बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागे. घराला लागून वाडी होती. तिच्यात केळी, नारळ, थोडी सुपारी आणि नव्याने लावलेले चिकू. वाडीच्या विहिरीवर रहाट होता. त्याचं लाकूड पहाटेपासून कुरकुरत असायचं आणि तो आवाज बंद पडला की आई हातातलं काम टाकून दारात येई, बैलाला काही झालं की माणसाला, ते बघायला. भाताची शेतं मात्र घरापासून लांब, डोंगराच्या अंगाला. एक वरचं शेत, एक खालचं. वाडी हा आबांचा जीव होता आणि शेत ही त्यांची जबाबदारी. त्या वर्षी सरकारची योजना आली तेव्हा ही जबाबदारी त्यांनी उगाचच मोठी करून घेतली, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

योजना अशी होती. भाताचं रोप मुठीने वाटेल तसं न खोवता दोरी ताणून ओळीत लावायचं, आणि बी वापरायचं ते सरकारी. बी आणि खत आधी मिळणार. मग भात पिकला की शेतकी खात्याचा साहेब येऊन प्रत्येक शेतकऱ्याच्या एका शेतात एक चौकोन आखणार, तेवढाच भात कापून, झोडून, वजन करणार, आणि त्यानंतर अनुदानाचे पैसे पालघरला रोख हातात पडणार. मेख एवढीच, की एकट्यादुकट्याला हे मिळत नव्हतं. लागून असलेल्या शेतांचा गट हवा, आणि गटातल्या एकाची जरी कापणी राहिली तरी सगळ्यांचे पैसे अडकणार. आबांनी लोकांच्या ओट्यावर जाऊन जाऊन पाच-सहा जणांना तयार केलं. त्यासाठी त्यांनी नुसता शब्द दिला नाही, मान गहाण टाकली. "पैसे नाही आले तर माझ्या ओट्यावर येऊन मला शिव्या घाला," हे त्यांचं वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे.

शेजारच्या भिकूकाकांना तर वर्षभराचा विषय मिळाला. आबा खुंट्या आणि काथ्याची दोरी खांद्यावर टाकून निघाले की ते कुंपणापलीकडून विचारायचे, "काय रे, भात लावायला चाललास की वहीवर रेघा मारायला?" आबा म्हणायचे, "तू बघच." त्यावर भिकूकाका, "बघतो ना. दिवाळीत मापून बघतो." आबा हसायचे, पण घरी आल्यावर पाय धुताना त्यांचा चेहरा हसरा नसे.

गटातलं शेवटचं शेत लाडकीबायचं होतं. लाडकीबाय वारली समाजातली होती. तिचा नवरा मला आठवत नाही, मी लहान असतानाच तो गेला. पूर्वी ती जमीन ते कुळ म्हणून कसत, मग कायद्याने ती त्यांच्या नावावर झाली होती. आमच्या खालच्या शेताला लागूनच तिचं शेत होतं, मध्ये एक बुटका बांध. आमच्या बाजूच्या मातीत आबा दरवर्षी मासळीची कुटी टाकायचे. तिचा वास आठवडाभर नाकातून जात नसे, पण माती काळी आणि लुसलुशीत झाली होती. बांधापलीकडे लाडकीबायची जमीन खडकाळ, लालसर. तिथे कुटी परवडणार कुणाला? दोन पोरं पाठीशी घेऊन ती जे काढायची त्यात तिचं वर्ष कसंबसं सरायचं, आणि शेवटचे महिने नागलीवर, कंदांवर. तिच्याकडे बैल एकच उरला होता. जोडीतला दुसरा आदल्या उन्हाळ्यात साप चावून मेला, तेव्हापासून ती आमचा एक बैल मागून औत जुंपायची. अनुदानाच्या पैशांतून बैल घ्यायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी ती दोरीला तयार झाली होती.

तिला दोरी आवडली नव्हती, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. लावणीच्या वेळी ती गाणं म्हणायची, लांबच लांब, न संपणारं, आणि हात त्या गाण्याबरोबर चालायचे. दोरीमुळे एक ओळ लावून झाली की थांबावं लागे. मी आणि तिचा थोरला पोरगा दोन्हीकडच्या खुंट्या उपटून पुढे रोवायचो, आणि तेवढ्यात तिचं गाणं तुटायचं. ती पुन्हा सुरू करायची, पुन्हा तुटायचं. शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, तुजे दोरीला सांग, मला गाऊन तरी घेऊ दे." आम्ही सगळे चिखलात उभे राहून खूप हसलो. त्या वर्षीचं ते शेवटचं मोकळं हसणं असावं. निदान माझं तरी.

भात चांगला आला. नवरात्र सरता सरता ओंब्या वाकल्या आणि एके दिवशी ग्रामसेवक सायकलवरून निरोप घेऊन आला की येत्या गुरुवारी साहेब येणार. आबांनी गटातल्या सगळ्यांना सांगितलं. लाडकीबाय आमच्या ओट्याखाली अंगणात बसली होती, तिथेच तिने मान हलवली.

"गुरवारी नाय होयाचा, आबा."

"का? काय झालं?"

"आजून नवा नाय झाला. नवा झाल्याबगर शेताला कोयता नाय लावायचा. कणसरी कोपल."

कणसरी ही त्यांची धान्याची देवी. भगत येणार, शेताच्या कडेला पूजा मांडणार, देवीला नव्या भाताचा मान देणार, तेव्हा कुठे कोयता लागायचा आणि नवा तांदूळ घरात शिजायचा. त्याला ते 'नवं' म्हणत. त्यांचा भगत डोंगराकडच्या पाड्यांवर फिरत होता, तो कधी येईल ते नक्की नव्हतं.

"अगं, सगळं शेत नाही कापत," आबा समजावत होते. "खाटेएवढा तुकडा."

"खाटेएवडा का चुलीएवडा, कोयता तो कोयताच ना?"

"आणि बाकीच्यांचं काय? तुझ्या एकटीपायी सगळ्यांचे पैसे बुडतील. तुझा बैलसुद्धा!"

लाडकीबाय जमिनीवर काडीने काहीतरी ओढत राहिली. मग म्हणाली, "मी भगताला घेऊन येते. सायबाच्या आदी येतो आमी. पण त्याच्या आदी नाय हां, आबा. तुमच्या पाया पडते."

त्यानंतरचे दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. आबा ग्रामसेवकाला गाठायला दोनदा बोईसरला जाऊन आले, दिवस पुढे ढकलता येतो का ते विचारायला. साहेबांना अख्खा तालुका फिरायचा आहे, एकदा चुकलं की चुकलंच, असं उत्तर मिळालं. आईला वेगळीच काळजी. साहेब मासे खातो की नाही? विचारणार कोण? शेवटी तिने दोन स्वयंपाक केले. एका चुलीवर सुक्या बोंबलांचं कालवण, दुसरीवर वालाचं बिरडं, आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चवड. गुरुवारी सकाळी धुराने आमचे डोळे चुरचुरत होते आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला आबा ओट्यावरून उठत होते. लाडकीबाय उजाडायच्या आधीच डोंगराकडे निघून गेली होती. तिची वाट बघायची की जीपची, हेच मला कळत नव्हतं. दोन्हीतलं आधी काय येतं यावर सगळं होतं.

जीप आधी आली.

साहेब माणूस चांगला होता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. पायातले बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो बांधावरून चालला. वरची शेतं एकेक करत झाली, आमचं वरचं शेतही. आबा प्रत्येक शेताशी जितका वेळ काढता येईल तितका काढत होते. शहाळं पाजत होते, मातीची ढेकळं हातात देत होते, आणि मधूनच डोंगराच्या वाटेकडे बघत होते. वाट रिकामी. शेवटी साहेब म्हणाला, "आता राहिलं ते त्या बाईंचं. मी शिपायाला घेऊन पुढे होतो, तुम्ही या मागून." आबा आणखी शहाळी घ्यायला थांबले आणि मला म्हणाले, "सुमे, साहेबांना शेत दाखव." ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्याचा अर्थ मी पुढे अनेक प्रकारे लावला. थोडा वेळ काढ, असा असेल. नाहीतर काहीच अर्थ नसेल, माणूस थकला होता.

मी सतरा वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते आणि अडचणीतून वाट काढणं मला जमतं असा माझा समज होता. बांधाशी पोचलो तेव्हा दोन्ही शेतं समोर होती. दोन्हीकडे दोरीने लावलेल्या सरळ ओळी, दोन्हीकडे तेच सरकारी बी. ग्रामसेवक वरच्या शेतात खुंट्या गोळा करत मागे राहिलेला. साहेबाने विचारलं, "लाडकीबाईंचं शेत कुठलं?"

मी आमच्या शेताकडे बोट केलं. "हे."

एवढंच. खोटं बोलते आहे असं त्या क्षणी वाटलंच नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. देवीला कोयता लागणार नाही, गटाचे पैसे अडकणार नाहीत, आबांची मान राहील, बैल येईल. कुणाचं काय बिघडलं? साहेबाने पावलं टाकली, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. शिपायाने भात कापला, ताडपत्रीवर झोडला, काट्याला लावला. साहेबाने काटा पुन्हा बघितला आणि मोठ्याने म्हणाला, "वा! सबंध गावात हा सगळ्यात भारी उतारा!"

तेवढ्यात आबा आले. हातात शहाळी. बांधावर पाय ठेवला आणि तसेच थांबले. कापलेला चौकोन बघितला, पलीकडचं अख्खं उभं शेत बघितलं, मला बघितलं. साहेब हसत म्हणाला, "काय आबासाहेब, ही बाई तुमच्यावर ताण निघाली की!"

आबांनी हातातली शहाळी खाली ठेवली. मग हसले. "हो. कष्टाळू आहे ती," म्हणाले, आणि शहाळ्यावर कोयता मारला.

लाडकीबाय उन्हं कलल्यावर आली, भगताला घेऊन, धापा टाकत. बांधावरून तिने आपलं शेत बघितलं आणि मटकन खालीच बसली. एक ओंबीसुद्धा तुटली नव्हती. मी तिला कानात सांगितलं, काय केलं ते. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. काही दिवसांनी नवं झालं तेव्हा ती पळसाच्या पानात भात आणि काकडीच्या फोडी घेऊन आमच्या अंगणात आली. आईला नाही, आबांना नाही, आधी माझ्या हातात दिलं. "तू पयली खा, बाय. देवी तूच राखलीस." मी खाल्लं. तो भात जरा चिकट होता आणि त्याला धुराचा वास होता. मला तो वास अजून येतो, कुठेही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

आबा दुसऱ्या दिवशी रहाटाशी एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. आता हे कुठे बोलायचं नाही." पैसे आले. सगळे मिळून पालघरला गेले आणि हसत परत आले. लाडकीबायने बैल घेतला, एक शिंग वाकडं असलेला. भिकूकाका कुंपणापाशी येऊन म्हणाले, "पुढल्या साली माझ्यापण शेतात रेघा मार रे बाबा." आबांनी त्या दिवशी, किती तरी महिन्यांनी, पोटभर जेवण केलं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मुलांना मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगत आले. त्यांना ती आवडायची. आई किती हुशार होती, असं म्हणायची.

पुढचं आधी थोडक्यात सांगून टाकते, कारण मधलं सांगायला मला वेळ लागणार आहे. त्या हिवाळ्यात लाडकीबायने तो वाकड्या शिंगाचा बैल विकला आणि धान्य घेतलं. ते पुरलं नाही. तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं, तिथे ती दोन्ही पोरांना घेऊन घमेली वाहायला गेली. जाताना मला म्हणाली, "भाताचा काय बाय, भात परत येल." तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला कधी पचलं नाही. तिचं शेत पडीक राहू नये म्हणून आबांनी त्या साली लावलं. दुसऱ्या सालीही लावलं. मग ते आमच्याकडेच राहिलं. आता तिथे माझ्या भावाचे चिकू आहेत. मध्ये बांध होता, हे सांगितलं तरी कुणाला पटत नाही.

मधलं ते असं. त्या वर्षी सरकारने भातावर लेव्ही लावली होती. प्रत्येक शेतकऱ्याने पिकाच्या मानाने ठराविक भात सरकारला द्यायचा, सरकारी भावाने. तुटपुंज्या पिकाच्या लोकांना सूट होती. लाडकीबाय एरवी त्यातच मोडली असती. पण आमच्या गटाचं पीक सरकारनेच तोललेलं होतं, अंदाज करायची गरजच नव्हती. आमच्या अंगणात काटा टांगला. ह्या वेळी साहेब दुसरा होता, खुर्चीवर बसलेला, घाईतला. त्याने लाडकीबायला किती भात आणायचा ते सांगितलं तेव्हा तिला वाटलं, तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय.

"एवडा तर झालाच नाय, सायेब," ती म्हणाली. "आमची कणगी येऊन बघा. पोरं काय खातील?"

"सगळे हेच सांगतात. गावात सगळ्यात भारी पीक तुझं. विकलास कुठे?"

"इकला नाय, सायेब. देवीची आन."

"मग सरकारी काटा खोटा बोलतो? कापणी तुझ्याच शेतात झाली ना?"

अंगणात गटातले सगळे उभे होते. आबा खुर्चीच्या बाजूला. मी ओट्यावर, खांबाला धरून. लाडकीबायने वर बघितलं, माझ्याकडे. तिला फक्त 'नाय' म्हणायचं होतं. मग साहेब विचारणार होता, कुणाच्या शेतात, कुणी दाखवलं. मग सगळ्यांचे पैसे परत जाणार होते, आबांच्या ओट्यावर येऊन लोक शिव्या देणार होते आणि माझं नाव निघणार होतं. हे सगळं तिला कळत होतं. मलाही कळत होतं. मी ओट्याची पायरी उतरले. तोंड उघडलं. "साहेब—"

"सुमे," आबा म्हणाले, "साहेबांना पाणी आण."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आपण पाहुण्यांसाठी म्हणतो तसाच होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या मानेची शीर उडत होती. मी नाही म्हणू शकले असते. साधी गोष्ट होती, पाणी नंतर आणलं असतं. पण मला पाय फुटल्यासारखं झालं. कुणीतरी मला जायला सांगितलं याचा आनंद झाला, हे खरं आहे आणि हेच मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण काढलं. लोटा घासलेला होता तरी पुन्हा विसळला. बाहेर साहेबाने पुन्हा विचारलं, "झाली ना तुझ्याच शेतात?" रहाट त्या वेळी बंद होता, म्हणून तिचं उत्तर मला चुलीपाशी स्वच्छ ऐकू आलं.

"हव, सायेब. माझ्याच."

मी बाहेर आले तेव्हा तिचा पोरगा कणगीतला भात आणायला धावत गेला होता. साहेब पाणी प्यायला. शिपाई प्यायला. आबांनी नको म्हणून हात हलवला. मग लाडकीबाय ओट्याखाली आली आणि तिने ओंजळ पुढे केली, आमच्याकडे त्यांना पाणी द्यायचं तसंच, वरून, भांडं न लागता. मी ओतत राहिले. ती पीत राहिली. पुरे झालं की ती मान हलवायची, नेहमी. त्या दिवशी तिने मान हलवली नाही आणि मीही हात मागे घेतला नाही. लोटा रिकामा झाला तरी तिची ओंजळ तशीच पुढे होती, आणि मी वाकडा धरलेला लोटा तसाच धरून उभी होते.